प्रती अनेक, नोंद एक



‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हे वाक्य आता आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठल्याही सेवा केंद्रात सातबारा काढायला, पीक विम्याचा अर्ज भरायला किंवा एखादा दाखला घ्यायला गेलेल्या माणसाने ते कधी ना कधी ऐकलेले असते. ऐकले की आपण त्या न दिसणाऱ्या यंत्राला दोन शब्द सुनावतो आणि गावाकडची गाडी पकडतो. आज मला या वाक्याच्या मागे काय असते ते सांगायचे आहे. आपली नोंद त्या यंत्रात कशी राहते? यंत्र जळाले किंवा बुडाले तर ती कुठे जाते? आणि एकाच नोंदीच्या प्रती चार ठिकाणी ठेवल्या, तर त्या चारही प्रती एकच गोष्ट सांगतील याची हमी कोण देतो?

हा प्रश्न फक्त इंजिनिअर मंडळींचा नाही. एका प्रतीत जमीन थोरल्या भावाच्या नावावर आणि दुसऱ्या प्रतीत धाकट्याच्या नावावर असेल, तर बँकेने कर्ज कुणाला द्यायचे? खात्यातले पाच हजार रुपये तुळजापूरच्या एटीएममधून काढले आणि मुंबईतल्या यंत्राला त्याची खबर पोचलीच नाही, तर तेच पाच हजार तिथून पुन्हा निघतील का? नोंद हरवणे वाईटच. पण एकाच व्यवहाराच्या दोन नोंदींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्यात, हे त्याहून वाईट. कारण हरवलेली नोंद निदान हरवली आहे हे कळते, चुकीची नोंद मात्र खरी म्हणून चालून जाते.

एकाच दप्तराचा धोका

आपल्याकडे गावची जमीन पिढ्यान् पिढ्या दप्तरात राहत आली. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, आठ-अ म्हणजे खातेदाराचा उतारा. फडक्यात बांधलेल्या त्या गठ्ठ्याला गावात मोठा मान होता. मान असण्याचे एक कारण असे, की रोजच्या व्यवहाराची प्रत तीच. वाळवी लागली, छप्पर गळले, पाने फाटली, तर ज्याचे पान फाटले त्याने दाद कुठे मागायची हा प्रश्न उभा राही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातला कुणीही विसरू शकत नाही. गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर, होळी ही त्यांतलीच. हजारो माणसे गेली. एवढ्या माणसांपुढे कागदांचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल, आणि त्यात खोटे काही नाही. पण जे वाचले, त्यांना पुढे प्रत्येक गोष्टीसाठी नोंदच लागते. घर कुणाचे होते, शेत किती होते, गेलेल्याचा वारस कोण, पुस्तकात शिल्लक किती, हे सगळे ठरते ते नोंदीवर. संकटात माणसाचे सर्वस्व जाते, तेव्हा त्याच्या हक्काची नोंद तेवढी शिल्लक राहिली पाहिजे.

संकट फक्त खेड्यातच येते असेही नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला आग लागली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. राज्याचा कारभार जिथून चालतो तिथल्या कागदांचीही ही गत होऊ शकते, तर गावच्या चावडीची काय कथा!

प्रत कुठे ठेवायची?

यावर सुचणारा पहिला उपाय सोपा आहे: एकाच्या दोन प्रती करा, दोनाच्या तीन करा. संगणकाने हे काम फारच स्वस्त केले. हाताने शंभर पाने उतरवायला जिथे दिवस लागत, तिथे आता क्षणही लागत नाही. गूगल कंपनीच्या इंजिनिअरांनी २००३ मध्ये आपल्या साठवण व्यवस्थेविषयी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात मोठ्या फायलींचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. त्यामागचा विचार साधा होता. हजारो यंत्रे एकत्र चालवायची तर त्यांतले एखादे रोजच बंद पडणार. म्हणून बिघाड हा अपवाद न मानता नित्याचा धरायचा आणि तसा धरूनच व्यवस्था उभारायची. याला ‘बिघाड सोसणारी व्यवस्था’ म्हणता येईल.

पण प्रतींची नुसती संख्या पुरत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा घरातल्या एकाच पेटीत सातबाऱ्याच्या दहा झेरॉक्स असल्या, तरी पुराच्या हिशेबी ती एकच प्रत. एका संकटात सगळ्या प्रती एकदम जाऊ नयेत, हे पाहावे लागते. म्हणून एक यंत्र या शहरात तर दुसरे दूरच्या शहरात, एकाची वीज या वाहिनीवरून तर दुसऱ्याची वेगळ्या वाहिनीवरून, अशी आखणी करतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे ज्याला आपण एनआयसी म्हणतो, त्याची राष्ट्रीय डेटा केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर अशा शहरांत आहेत. ही शहरे एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत.

इथेही आपला भूकंप एक धडा देतो. १९९३ पूर्वीच्या भूकंप नकाशावर किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात पहिले क्षेत्रच काढून टाकले गेले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. तात्पर्य, ‘इथे काही होणार नाही’ या भरवशावर एकुलती एक प्रत ठेवू नये.

याचे ताजे उदाहरण दक्षिण कोरियाचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या देजॉन शहरातील सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी अधिकारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामाईक साठ्यात ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा त्या आगीत नष्ट झाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती, कारण साठा फार मोठा म्हणून ती ठेवली गेली नव्हती. संगणकाच्या बाबतीत जगात आघाडीवर असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

इतक्या मोठ्या साठ्याच्या तीन-तीन प्रती ठेवायच्या तर खर्चही तिप्पट. त्यावर गणिताने एक युक्ती दिली आहे. समजा दोन आकडे जपायचे आहेत, २५ आणि ४०. पहिल्या वहीत २५ लिहा, दुसऱ्या वहीत ४०, आणि तिसऱ्या वहीत त्यांची बेरीज ६५. आता कोणतीही एक वही जळू द्या. बेरीज गेली तर पुन्हा करता येते. २५ गेले तर ६५ मधून ४० वजा करा. ४० गेले तर २५ वजा करा. दोन आकड्यांच्या दोन-दोन प्रती ठेवायला चार वह्या लागल्या असत्या, इथे तीनच पुरल्या. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये याच जातीची, पण कितीतरी समर्थ अशी पद्धत मांडली. सीडीवर ओरखडा उठला तरी गाणे वाजत राहते ते याच गणितामुळे, आणि आजच्या प्रचंड डेटा केंद्रांतही तेच वापरतात.

खरी अडचण: प्रतींचे एकमत

इथपर्यंत सगळे सोपे होते. आता अवघड भाग. जुना ग्रंथ किंवा ताम्रपट एकदा लिहिला की बदलत नाही, त्यामुळे त्याच्या प्रती कितीही करा, त्या सारख्याच राहतात. आपल्या नोंदी मात्र रोज बदलतात. जमीन विकली जाते, बोजा चढतो, उतरतो, वारस लागतात. प्रत्येक बदल प्रत्येक प्रतीत गेला पाहिजे. आणि नेमक्या त्या क्षणी एक यंत्र बंद असेल, तर?

समजून घेण्यासाठी अशी कल्पना करू, की एका गावच्या नोंदींची तीन दप्तरे आहेत: एक धाराशिवला, एक तुळजापूरला, एक उमरग्याला. प्रत्येक ठिकाणी एक कारकून बसला आहे आणि सगळा कारभार फोनवर चालतो. प्रत्यक्षातला कारभार असा चालत नाही, हा केवळ दाखला आहे.

नवी नोंद आली की ती तिन्ही ठिकाणी कळवायची, आणि तिघांचाही होकार आल्यावरच ‘झाली’ म्हणायचे, असा नियम केला तर? एका ठिकाणचा फोन बंद पडला की सगळ्यांचे काम ठप्प. म्हणजे प्रती वाढवून आपण अडचणच वाढवली. मग उलटा नियम करू: एकाने होकार दिला की पुरे. आता धाराशिवच्या कारकुनाने नोंद घेतली, पण उमरग्याच्या कारकुनाला ती कळलीच नाही. उमरग्याला चौकशी करणाऱ्याला जुनाच मालक दिसेल. एका टोकाला काम अडते, दुसऱ्या टोकाला नोंद खोटी ठरते.

यातला मधला मार्ग आपल्याला ग्रामसभेतून आणि सोसायटीच्या बैठकीतून चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे कोरम. सगळे सभासद आले नाहीत तरी चालते, पण ठरलेली संख्या हजर हवी. आपल्या दाखल्यात ती संख्या तीनपैकी दोन, म्हणजे बहुमत. लिहिताना तिघांना कळवायचे आणि दोघांचा होकार आला की नोंद झाली असे मानायचे. वाचताना तिघांना विचारायचे आणि दोघांची उत्तरे आली की पुरे. आता गंमत पाहा. तिघांतले कोणतेही दोघे लिहिण्यासाठी घ्या आणि कोणतेही दोघे वाचण्यासाठी घ्या. निदान एक जण दोन्हीकडे येतोच. त्या एकाकडे नवी नोंद असते. म्हणजे वाचणाऱ्यापर्यंत नवी नोंद पोचल्याशिवाय राहत नाही.

पण दोन उत्तरे वेगळी आली, तर त्यांतले नवे कोणते हे कसे ओळखायचे? त्याचे उत्तर फेरफार नोंदवहीत आहे. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो आणि तो चढत जातो. एक कारकून म्हणतो ‘माझ्याकडे ८४० पर्यंत आहे’, दुसरा म्हणतो ‘८४१ पर्यंत’. मोठा क्रमांक तो नवा. संगणकही प्रत्येक नोंदीला असाच चढता क्रमांक जोडतो.

या हिशेबाने तीन प्रतींत एक बंद पडलेली चालते. पाच प्रतींत बहुमत तिघांचे, म्हणजे दोन बंद पडलेल्या चालतात. सात असतील तर तीन. चार प्रती ठेवल्या तर बहुमतासाठी तीन लागतात, म्हणजे बंद पडलेली पुन्हा एकच चालते आणि चौथ्या प्रतीचा खर्च फुकट जातो. म्हणून अशा व्यवस्थांत प्रतींची संख्या बहुधा विषम असते. बहुमताची ही कल्पना १९७९ मध्ये रॉबर्ट थॉमस आणि डेव्हिड गिफर्ड या दोन संशोधकांनी आपापल्या प्रबंधांत मांडली.

वाचणाऱ्यानेही लिहायचे

यातही एक बारीक फट राहते. समजा ८४१ ची नोंद कळवताना पहिला फोन धाराशिवला लागला आणि तेवढ्यात कळवणाऱ्याचीच लाइन तुटली. नवी नोंद एकाच ठिकाणी पोचली. सकाळी जमीन घेणाऱ्याने धाराशिव आणि तुळजापूरला विचारले. त्याला ८४१ दिसली, म्हणजे नवा मालक. दुपारी बँकेने तुळजापूर आणि उमरग्याला विचारले. तिला ८४० च दिसली, म्हणजे जुना मालक. सकाळी नवी असलेली नोंद दुपारी जुनी झाली, काळ उलटा फिरला!

हागित अत्तिया, अमोत्झ बार-नॉय आणि डॅनी डोलेव या तीन संशोधकांनी यावर उपाय दिला. १९९५ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाला पुढे २०११ मध्ये या क्षेत्रातला मानाचा डायकस्ट्रा पुरस्कार मिळाला. त्यांचा नियम असा, की वाचणाऱ्याला नवी नोंद दिसली, तर ती घेऊन लगेच निघून जायचे नाही. आधी ती नोंद बहुमतापर्यंत पोचवायची, मगच तिच्यावर विसंबायचे. म्हणजे सकाळच्या खरेदीदाराने तुळजापूरच्या कारकुनाला ‘अहो, ८४१ आली आहे, लिहून घ्या’ असे सांगायचे. मग दुपारी बँकेला ती दिसणारच. सामाईक नोंद जपण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याइतकीच वाचणाऱ्यावरही येते, हे या संशोधनातले मला सर्वांत आवडलेले सत्य आहे.

आधी कोण, नंतर कोण?

आणखी एक पेच. एकाच जमिनीवर एकाच दिवशी दोन नोंदी आल्या: एक विक्रीची, एक बँकेच्या बोजाची. आधी बोजा आणि नंतर विक्री असेल, तर घेणाऱ्याने बोजासकट जमीन घेतली. आधी विक्री असेल, तर जुन्या मालकाला त्या जमिनीवर बोजा चढवण्याचा हक्कच उरला नव्हता. दोन्ही नोंदी खऱ्या, पण क्रम बदलला की माणसाचे नशीब बदलते. धाराशिवच्या दप्तरात एक क्रम आणि उमरग्याच्या दप्तरात दुसरा, असे झाले तर कोर्टाची पायरी ठरलेलीच.

सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती, आणि ती स्थिती ज्या बदलांनी घडली ते सगळे ओळीने लिहिलेले असतात फेरफार नोंदवहीत. सगळ्या दप्तरांत फेरफारांची ओळ एकसारखी असेल, तर त्यांवरून तयार होणारा सातबाराही एकसारखाच असेल. संगणकशास्त्राने नेमका हाच मार्ग धरला. प्रतींनी भांडायचे ते फक्त ‘पुढचा क्रमांक कुणाला’ या एका गोष्टीवर. तेवढे बहुमताने ठरले की बाकीचे आपोआप जुळते. अमेरिकी शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी दूरदूरच्या यंत्रांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ याचा अर्थ काय, याचा पाया १९७८ च्या प्रबंधात घातला. १९९८ मध्ये त्यांनी एका काल्पनिक ग्रीक बेटाच्या संसदेची गोष्ट रचून एकमताची पद्धत मांडली. त्या संसदेचे सभासद मध्येच उठून जात, निरोप हरवत, तरी ठराव मात्र चुकत नसत. ती पद्धत त्या बेटाच्या नावाने, ‘पॅक्सॉस’ म्हणून ओळखली जाते. लॅम्पोर्ट यांना २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. समजायला सोपी अशी ‘राफ्ट’ नावाची पद्धत २०१४ मध्ये आली, आणि आज अनेक मोठ्या डेटाबेसांच्या पोटात ही दोन नावे असतात.

मेला की झोपला?

फोन लागत नाही, म्हणजे पलीकडचा माणूस झोपला आहे, लाइन तुटली आहे, की त्याला काही बरेवाईट झाले आहे? इकडे बसून हे कळत नाही. यंत्रांचेही तसेच. मंद यंत्र आणि बंद यंत्र यांत बाहेरून फरक दिसत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्ये सिद्ध केले, की निरोपाला किती वेळ लागेल याची खात्री नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडण्याची शक्यता असेल, तर ठरावीक पावलांनी चालणारी कोणतीही पद्धत ‘एकमत होईलच’ अशी हमी देऊ शकत नाही.

यातूनच ‘सर्व्हर डाऊन’चा एक वेगळा अर्थ निघतो. समजा उमरग्याची लाइन तुटली आणि तिथला कारकून एकटा पडला. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. जे हाताशी आहे ते सांगून मोकळे व्हायचे, मग ते जुने असले तरी चालेल. किंवा ‘माझा कोरम पूर्ण नाही, मी उत्तर देऊ शकत नाही’ असे म्हणायचे. संपर्क तुटलेला असताना नेहमी उत्तर देणे आणि नेहमी खरे उत्तर देणे, या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हे मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये त्याची सिद्धता दिली. मग कुठे काय निवडायचे? बसचे वेळापत्रक थोडे जुने दिसले तरी चालेल. जमिनीची मालकी आणि बँकेची शिल्लक मात्र चुकीची सांगण्यापेक्षा न सांगितलेली बरी. म्हणून काही वेळा बंद पडदा हा प्रामाणिकपणाही असतो. प्रत्येक वेळी असतो असे मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळदा त्यामागे अपुरी यंत्रे, वेळेवर न झालेली देखभाल आणि एकाच वेळी उसळलेली गर्दी असते.

मुंबईतला एक प्रसंग या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवावे लागले. दूरसंचाराच्या जोडण्या एकाच कंपनीच्या नव्हत्या, दोन कंपन्यांच्या होत्या. राखीव केंद्रही होते. पण बाजाराने पुढे दिलेल्या खुलाशानुसार जोडण्यांमधल्या बिघाडाचा फटका सामाईक साठवण यंत्रणेला बसला, आणि तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम तपासणारी यंत्रणा मिळेनाशी झाली. म्हणजे राखीव प्रतीकडे जाणारी तार बिघडली म्हणून मूळ कामच अडले. प्रत होती, तार होती, पण ऐनवेळी एकाचे ओझे दुसऱ्याने उचलायचे ते नीट झाले नाही.

यानंतर सेबीने नियम कडक केले. मोठा बिघाड झाल्यास अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि पुढच्या पाऊण तासात राखीव केंद्रातून काम सुरू करायचे, असे ठरले. २ मार्च २०२४ च्या शनिवारी तर बाजाराने खास सत्र घेऊन खरेखुरे व्यवहार मुख्य केंद्रातून राखीव केंद्रात नेऊन पाहिले. विहिरीवरचे डिझेल इंजिन वर्षभर सुरूच केले नाही, तर वीज गेल्यावर ते चालेल याचा भरवसा काय? राखीव प्रतीचेही तसेच आहे. ती वापरून पाहिली नसेल, तर ती आहे असे धरता येत नाही.

प्रती जिथे कमी पडतात

आतापर्यंत आपण असे धरले, की यंत्र एक तर खरे बोलते किंवा गप्प बसते. ते खोटे बोलू लागले तर? कुणी आत शिरून एका प्रतीत नाव बदलले तर? लॅम्पोर्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याचा हिशेब मांडला. एक खोटे बोलणारा सोसायचा असेल, तर तीन जण पुरत नाहीत, चार लागतात. दोन सोसायचे तर सात. निरोपावर ज्याची नक्कल होणार नाही अशी सही असेल, तर काम बरेच हलके होते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्याचे महत्त्व इथे आहे. त्या उताऱ्यात कुणी एक अक्षर बदलले तरी तपासणीत सही जुळत नाही.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मूळ नोंदच चुकीची असेल, तर दहा प्रती ती चूक दहा ठिकाणी इमानेइतबारे जपतात. कुणी चुकून नोंद पुसली, तर पुसणेही सगळीकडे पोचते. म्हणून चालू प्रतींखेरीज काल-परवाची, महिन्यापूर्वीची अशी जुनी प्रत वेगळी काढून ठेवावी लागते. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचन झाले. गावकऱ्यांसमोर उतारे वाचून दाखवायचे आणि ज्याचे चुकले असेल त्याने सांगायचे, अशी ती पद्धत. कागद, संगणक आणि गावची आठवण या तीन प्रती ताडून पाहण्याचाच तो प्रकार होता. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली, कारण कित्येक उताऱ्यांवर दिवंगत खातेदारांचीच नावे चालू होती. त्यांच्या सगळ्या प्रतींत एकमत होते, पण ते एकमत खरे नव्हते. वारसाने येऊन सांगितल्याशिवाय यंत्राला हे कळण्याचा मार्ग नाही.

तेव्हा, श्रोतेहो, यातले काही काम आपल्याही वाट्याला येते. वर्षातून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ काढून नीट वाचा. नावात, क्षेत्रात, बोजात काही चुकले असेल तर वेळेत अर्ज करा. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, ते वाया घालवू नका. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा, जमल्यास एक डिजिलॉकरमध्येही. आणि आपली पतसंस्था, आपली सोसायटी, आपली शाळा जर नोंदी संगणकावर ठेवत असेल, तर सभेत उठून तीन प्रश्न विचारा: प्रती किती आहेत, त्या कुठे आहेत, आणि प्रतीवरून नोंदी परत उभ्या करून शेवटचे कधी पाहिले होते? तिसऱ्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर मिळाले, तर समजा की तुमची नोंद बऱ्यापैकी सुरक्षित हातांत आहे.